वडिलांच्या स्लाइड्ससाठी एफडी मोडू नका, पण पावसाआधी कामाला लागा

प्रश्न : मी खानापूरला राहते. वडील रेल्वेत होते. लोंढा, कॅसलरॉक, गोकाकचा धबधबा, आमची लग्नं असे त्यांनी काढलेले फोटो १,४०० रंगीत स्लाइड्समध्ये (प्रोजेक्टरवर बघायच्या छोट्या पारदर्शक फिल्म) आहेत. शिवाय जुन्या चौकोनी कॅमेऱ्याच्या साठेक कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. हे सगळं स्कॅन करून घ्यायचं आहे. पुण्याचा एक स्टुडिओ स्लाइडमागे ४० रुपये सांगतो, म्हणजे ५६,००० रुपये. बेळगावात एक जण १५ रुपयांत करून देतो म्हणतो. मुलगा म्हणतो, ४५,०००चा स्कॅनर घेऊ. दोन वर्षांची २ लाखांची एफडी (७ टक्के) नोव्हेंबरात मुदतीला येते, त्यातून मुलाची शेवटच्या वर्षाची फी भरायची आहे. ती मोडू का? आम्ही तीन भावंडं, पण पेटी माझ्याकडे आहे.

ताई, एफडी मोडू नका. पण हे काम पुढच्या वर्षावरही ढकलू नका.

आधी पैशाचं बघू. तुमच्या ठेवीला दीड वर्ष झालं आहे. मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. एक टक्का धरला तर २ लाखांवर दीड वर्षाचे साधारण ३,००० रुपये तिथेच गेले. ५६,००० काढून उरलेले पैसे बचत खात्यात पडून राहतील ते वेगळंच. अगदीच नड असती तर ठेवीवर कर्ज काढा म्हटलं असतं. ९ टक्क्यांनी ५६,०००वर सहा महिन्यांचं व्याज अडीच हजारांच्या आसपास होतं. पण तुम्हाला ५६,००० लागतच नाहीत.

१,४०० स्लाइड्समध्ये एकाच गाडीचे पाच-पाच, हललेले, अंधारे फोटो असणारच. पांढरा उजेड देणाऱ्या पडद्यावर स्लाइड्स मांडा आणि दोन-तीन रविवार बसून निवडा. माणसं असलेले आधी घ्या. मग जे आता दिसणारच नाही ते. कॅसलरॉकच्या बाजूची मीटरगेज नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, म्हणून त्या जुन्या गाड्यांचे फोटो ठेवाच. धबधबा आजही तिथेच आहे, त्याचे दोन-तीन पुरेत. माझा अंदाज, साडेतीनशेच्या वर जाणार नाही. उरलेल्यांचे मुलाला मोबाइलवर फोटो काढू द्या, म्हणजे कशात काय आहे याची यादी तयार होईल. मूळ स्लाइड मात्र एकही टाकायची नाही.

निवडताना वास घ्या. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचा ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचा, पाया सडू लागला आहे. दमट हवेत हे वाढत जातं आणि त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या फिल्मलाही बाधतं. अशी फिल्म वेगळी काढा आणि सगळ्यात आधी स्कॅनला पाठवा. लालसर झालेल्या स्लाइड्समध्ये निळसर-हिरवा रंग विरत चालला आहे, त्यांचाही नंबर वर लावा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्यानं पुसू नका. बुरशीनं जिलेटिन, म्हणजे ज्या थरात चित्र असतं तो थर, खाल्लेलं असतं, पाणी लागताच ते विरघळून चित्रच निघून येतं. खानापूरचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगावा! पेटी माळ्यावरून खाली आणा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून सगळं कोरड्या कपाटात ठेवा. या खर्चाला शंभर-दोनशे रुपयांकडे बघू नका.

आता ४० की १५? मी दोन्ही घेईन. स्लाइडमधलं चित्र जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटरचं असतं. ४,००० डीपीआयनं (म्हणजे एका इंचात इतके ठिपके टिपून) खरोखर स्कॅन केलं तर साधारण ५,६०० बाय ३,७०० पिक्सेल मिळतात, त्यातून १२ बाय १८ इंचांचा प्रिंट नीट निघतो. साध्या फ्लॅटबेड (काचेवर कागद ठेवून झाकण लावायच्या) स्कॅनरच्या खोक्यावर मोठे आकडे छापलेले असतात, पण एवढ्याशा चित्रात तेवढा तपशील त्याला पकडता येत नाही. म्हणून निवडलेल्या स्लाइड्स पुण्याला. चौकोनी निगेटिव्ह १२० नावाच्या रुंद फिल्मच्या, चांगल्या सहा सेंटिमीटरच्या असतील तर त्यांना फ्लॅटबेड पुरतो. त्या बेळगावात १५ रुपयांत करून घ्या. धूळ-ओरखडे आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मवर वापरू नका म्हणून बजावा. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि फोटो बिघडतो.

३५० स्लाइड्सचे १४,००० आणि निगेटिव्हचे ९००. पुण्याचा दर जीएसटी धरून आहे की वेगळा, ते लेखी घ्या. आधी वीसच स्लाइड्स देऊन बघा. आलेल्या फाइल पूर्ण आकारात उघडून चेहरे तपासा, मगच बाकीच्या द्या. फाइल टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार) मागा. एक साधारण ६४ एमबीची होते, म्हणजे सगळ्या मिळून २५ जीबीच्या आत बसतात.

स्कॅनर घेऊ नका. एका स्लाइडला चार मिनिटं धरली तरी १,४०० स्लाइड्सना ९३ तास लागतील. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाकडून ते तास मागणं मला बरोबर वाटत नाही.

भावंडांचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. फोटो तिघांचे, तेव्हा खर्चही तिघांचा. प्रत्येकी पाच हजारांच्या आत येतो. काम झाल्यावर हिशेब मागायला जीव जड होतो, म्हणून आधीच फोनवर बोला आणि निवडायलाही बोलवा. कोण कुठल्या फोटोत आहे हे आठवणारी माणसं त्या घरात एकत्र बसली तर नावं तिथल्या तिथे लिहून होतील. फाइलची एकेक प्रत तिघांच्या घरी राहू द्या. एखादी हार्ड डिस्क बंद पडली तरी काही जाणार नाही.

स्लाइड्स कुरिअरनं पाठवू नका. पार्सल हरवलं तर विम्यातून फार तर पैसे मिळतील. पुण्याला जाणाऱ्या घरच्याच माणसाच्या हातात द्या आणि मोजून पावती घ्यायला सांगा.

तुमच्या वाटणीचे पाच हजार दोन महिन्यांच्या घरखर्चातून निघावेत. आणि एफडीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर ऑक्टोबरातच बँकेत अर्ज देऊन ती रद्द करा, नाहीतर फीच्या वेळी पैसे पुन्हा अडकतील.