बाबांना स्पाची शर्यत दाखवायची आहे

प्रश्न : माझे बाबा ७१ वर्षांचे, रेसिंग ड्रायव्हर शूमाकरचे जुने चाहते. त्यांना बेल्जियमची फॉर्म्युला वन शर्यत दाखवायची आहे. गुडघे दुखतात, पण हळूहळू चालतात. स्टँडची तिकिटं महाग आहेत. बिनजागेचं ब्राँझ तिकीट चालेल का? राहायचं कुठे? आणि फक्त रविवारी गेलं तर?

उत्तर : जरूर न्या, आणि लवकर न्या. स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवरची ही शर्यत यापुढे दर वर्षी होणार नाही. २०२८ आणि २०३० च्या कॅलेंडरमध्ये ती शर्यत नाही.

तिकिटाबद्दल माझं मत पक्कं आहे : बाबांना स्टँडमध्येच बसवा. हे सर्किट आर्देनच्या जंगलात, डोंगरउतारावर आहे. सगळ्यात उंच आणि सखल जागेत सुमारे १०० मीटरचा फरक. ब्राँझ तिकिटावर गवताच्या उतारावर बसायचं, पाऊस पडला की चिखलात उभं राहायचं, आणि बरी जागा धरायला सकाळीच पोचायचं. तुम्हाला एकट्याला हेच तिकीट घ्या म्हटलं असतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. काटकसर हॉटेलात करा.

स्टँड कुठला? ओ रूजच्या चढाचं नाव मोठं, पण तिथून गाडी इतक्या वेगात जाते की कोण गेलं ते कळत नाही. ला सोर्सच्या वळणावर सगळ्यांना करकचून ब्रेक मारावा लागतो. हेल्मेट ओळखू येतं, पिटमधून (टायर बदलायच्या थांब्यातून) निघालेली गाडी कुणाच्या पुढे घुसली तेही दिसतं. बाबांसाठी मी तेच निवडेन. एक मात्र बघाच : जागेवरून मोठा स्क्रीन दिसला पाहिजे. एक फेरी ७.००४ किलोमीटरची, म्हणजे तीच गाडी पुन्हा समोर यायला पावणेदोन मिनिटं, आणि अशा फेऱ्या ४४ च. मधल्या वेळात काय झालं ते स्क्रीनच सांगतो.

फक्त रविवारी जाऊ नका. शुक्रवारी गर्दी कमी असते. बाबांना ओ रूज जवळून पाहायचं असेल तर त्या दिवशी, थांबत थांबत चाला. जमलं तर गुरुवारीच पोचा आणि त्यांना स्टॅव्हलोच्या जुन्या मठातलं सर्किटचं संग्रहालय दाखवा. शूमाकर १९९१ मध्ये पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो स्पालाच. सातव्या क्रमांकावरून निघाला आणि पहिल्याच फेरीत क्लच गेला. पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत त्याने इथेच जिंकली. बाबांना हे पाठ असेल, त्यांच्याकडूनच ऐका.

मुक्कामाची सोय तिकिटाच्या आधी पाहा, कारण सर्किटजवळची खेडी लहान आहेत. बेल्जियममधलंच लिएज शहर सोयीचं. सीमेपलीकडचं जर्मनीतलं आखनही लांब नाही, पण तिथे राहणार असाल तर एक ध्यानात ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहलीचं मुख्य ठिकाण ज्या देशात, त्याच्याकडे करायचा असतो. शर्यत बेल्जियमची आणि सगळ्या रात्री जर्मनीत, असा कार्यक्रम असेल तर अर्जाआधी विचारून घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बाबांच्या वयाला विम्याच्या अटी नीट वाचा.

शेवटचं, पावसाचं. ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सर, असं इथे भर जुलैतही होतं. २०२१ मध्ये लोक दिवसभर भिजले आणि गाड्या सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांच्या पुढे सावकाश धावणाऱ्या गाडीच्या) मागे जेमतेम काही फेऱ्या फिरल्या. २०२५ ला शर्यत तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. छत्रीमुळे मागच्याला शर्यत दिसत नाही, तेव्हा दोघांना चांगले रेनकोट घ्या. बाबांना बंद बूट, कानांत बोळे. आणि परतीचं विमान रविवारी रात्रीचं अजिबात नको, सोमवार दुपारनंतरचं काढा.