पर्ज करूनही न हटणाऱ्या टेक्स्ट स्टाइल्स

प्रश्न : आर्किटेक्टकडून आलेल्या ऑटोकॅड ड्रॉइंगमध्ये ढीगभर टेक्स्ट स्टाइल्स (मजकुराच्या फॉन्ट वगैरेच्या ठरवून ठेवलेल्या मांडण्या) आहेत. पर्ज (न वापरलेल्या गोष्टी फाइलमधून काढणारी कमांड) मारलं तरी सहा-सात जातच नाहीत. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : या दुखण्यापायी मी रात्री जागवल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. ती स्टाइल कुठेतरी वापरात असते, आपल्याला दिसत नाही इतकंच. माझ्या एका प्लॅनमध्ये ती दाराच्या ब्लॉकमधल्या (एकत्र बांधून पुन्हा पुन्हा वापरायच्या चित्रामधल्या) अ‍ॅट्रिब्यूटला, म्हणजे त्याला जोडलेल्या मजकुराला, चिकटलेली निघाली, आणि तो ब्लॉक फ्रीझ केलेल्या, म्हणजे न दिसणाऱ्या, लेयरवर एकटाच पडून होता! तेव्हा आधी सगळे लेयर ऑन आणि थॉ (फ्रीझच्या उलट) करा. 'स्टँडर्ड' ही टेक्स्ट स्टाइल करंट (सध्या निवडलेली) ठेवा. करंट असलेली स्टाइल पर्ज होत नाही. (स्टँडर्ड स्वतः कधीच जात नाही, तिच्या मागे लागू नका.) न वापरलेली डायमेन्शन स्टाइलसुद्धा (मापं दाखवण्याची मांडणी) आपली टेक्स्ट स्टाइल धरून बसते, म्हणून पर्जमध्ये 'नेस्टेड आयटम्स'वर (दुसऱ्या गोष्टींच्या आत दडलेल्या गोष्टींवर) टिक हवीच. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत न हटणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी मिळते, संभाव्य कारणांसकट. ती आधी वाचा. आणि हे सगळं मूळ फाइलवर नको, कॉपीवर करा.