चहाचे मळे बघायचेत, गर्दी बघायची नाही

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापुरात महाद्वार रोडला राहतो. नवरात्र असो, दिवाळी असो, नाताळ असो, दारात बाहेरगावच्या गाड्यांची रांग. जीव विटलाय बघा. या दिवाळीच्या सुट्टीत चहाचे मळे बघायला मुन्नारला नाही तर उटीला जावं म्हणतोय. बरोबर सासूबाई (वय 70, गुडघे दुखतात) आणि सातवीतली मुलगी. ह्यांना पॉइंट बघण्यात रस नाही. कागलकडं आमचा ऊस आहे, त्यामुळं चहाचा कारखाना आतून दाखवा एवढीच त्यांची मागणी. गर्दी नसलेलं ठिकाण सुचवाल का?

उत्तर : ठिकाण नंतर सांगते, आधी दिवाळी रद्द करा. ज्या कारणानं तुमच्या दारात गाड्या लागतात, त्याच कारणानं त्या दिवसांत उटीतही लागतात. गुजरात सुट्टीवर, महाराष्ट्र सुट्टीवर, आणि तमिळनाडूची स्वतःची दिवाळी वेगळीच. शिवाय पाऊस. आपल्याकडचा पाऊस परतला की सगळीकडे उघडीप झाली असं आपण धरून चालतो. पण उटी ज्या डोंगरात आहे त्या निलगिरीच्या पूर्व उताराला, म्हणजे कुन्नूर-कोटागिरीच्या बाजूला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस लागतो. घाटात दरडी येतात आणि डोंगरातली ती छोटी रेल्वे कधी कधी दिवसचे दिवस बंद राहते.

26 जानेवारीची सुट्टी सरली की निघा. तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवा कोरडी, आकाश मोकळं. त्याआधी नको, कारण 14 जानेवारीच्या आसपास पोंगल असतो आणि अख्खं तमिळनाडू डोंगरावर चढतं. मुलीची चार-पाच दिवस शाळा बुडेल. बुडू दे. सातवीत नाही बुडवायची तर काय दहावीत बुडवायची?

या दिवसांत मुन्नार मी सुचवणार नाही. तिथल्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर ही डोंगरी शेळीच्या कुळातली जनावरं अगदी जवळून दिसतात, पण त्यांच्या विण्याच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद ठेवतात. तेवढं लांब जायचं आणि तेच बघायचं नाही, यात काय अर्थ? (नीलकुरिंजी बघायची म्हणून काही जण मुन्नार राखून ठेवतात. ती बारा वर्षांतून एकदा फुलते, 2018 ला फुलली, आता 2030 ला. त्या वर्षी तिकडची गर्दी काय असेल याचा विचारसुद्धा नको.) तमिळनाडूतलं चहाचं दुसरं गाव वालपारई सुंदर आहे, पण आळियारहून वर जाताना घाटात चाळीस वळणं आहेत. सासूबाईंना तो छळ कशाला?

म्हणून निलगिरीच, पण मुक्काम उटीत करू नका, कोटागिरीत करा. उटीहून तीसेक किलोमीटर, कुन्नूरहून वीस. थंडी उटीपेक्षा कमी, आणि चहा गावात शिरलेला. उटीत चहा बघायला गाडीतून हिंडावं लागतं, इथं खोलीच्या मागं मळा असतो. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं दुपारी निघालात की सकाळी बेंगळुरू. तिथून दिवसाच्या गाडीनं कोइम्बतूर, पुढं मेट्टुपालयमवरून घाट चढून कोटागिरी.

वार मात्र नीट जुळवा. कोइम्बतूर-बेंगळुरूची मंडळी शुक्रवारी रात्री चढतात आणि रविवारी संध्याकाळी उतरतात. तुम्ही सोमवारी सकाळी चढा, शुक्रवारी दुपारच्या आत खाली या. कुन्नूरजवळच्या डॉल्फिन्स नोज या पॉइंटला साडेअकराला पोचणारा माणूस दरीऐवजी दुसऱ्यांचे मोबाइल बघून येतो, तिथं सकाळी लवकर जा. कॅथरिन धबधबा तिथूनच समोर दिसतो, त्यासाठी वेगळं उतरायला नको. कोटागिरीहून कोडनाडला जाताना रस्ताभर मळे आहेत, आणि तिथल्या मनोऱ्यावर न चढताही मोयारची दरी दिसते. सासूबाईंना खुर्ची मिळाली की झालं.

डोंगरी रेल्वे मुलीसाठी करा, पण मेट्टुपालयमपासून नको. 46 किलोमीटरला जवळपास पाच तास लागतात आणि गुडघे मुडपून बसावं लागतं. कुन्नूर ते उटी तासा-सव्वा तासाचा टप्पा घ्या, दिवसातून बऱ्याच फेऱ्या असतात. तेवढ्यात केट्टीची दरीही दिसते. दातेरी रूळ कल्लार ते कुन्नूर एवढ्याच चढाला आहेत, ते या टप्प्यात येत नाहीत. तेवढं मुलीला आधीच सांगून ठेवा.

आता तुमच्या यजमानांचा कारखाना. उटीत दोड्डबेट्टाच्या रस्त्याला पर्यटकांसाठीचा चहा कारखाना आहे. तिकीट, रांग, शेवटी चॉकलेटचं दुकान. तिथं त्यांचं समाधान होणार नाही. निलगिरीत हजारो छोटे शेतकरी आहेत, कुणाचा एकर, कुणाचा दीड एकर, आणि त्यांच्या पानासाठी सहकारी कारखाने आहेत. त्यांची शिखर संस्था इंडकोसर्व्ह, 1965 पासूनची, कुन्नूरला. म्हणजे सभासद, संचालक मंडळ, सगळं आपल्या ओळखीचं! मुक्कामाच्या मालकाला सांगून आदल्या दिवशी परवानगी विचारून ठेवा आणि दुपारनंतर जा, पानाच्या गाड्या तेव्हा येतात. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, तसं खुडलेलं पान पोत्यात तापून राहिलं की वाया जातं, म्हणून सगळ्यांची घाई चाललेली असते. वर जाळीच्या लांबच लांब ओट्यांवर पान पसरून खालून वारा सोडतात. रात्रभर सुकलेलं पान यजमानांना मुठीत आवळून बघू द्या. गोळा होतो, देठ वाकतो पण तुटत नाही. मग ते दातेरी रोलरांतून चिरडून निघतं, हिरव्याचं तांबूस होतं आणि भट्टीत जातं. ऊस वर्षातून एकदा तुटतो, इथं हंगामात त्याच झुडपावर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा हात फिरतो. आणि पानाच्या किलोच्या दरावरून तिथंही आंदोलनं होतात. दोन शेतकरी भेटले की भाषेवाचून काही अडणार नाही.

परतताना चहा कारखान्यातूनच घ्या, पण सीटीसी, म्हणजे असा चिरडून केलेला दाणेदार. ऑर्थोडॉक्सची, म्हणजे न चिरडता वळलेली, महागडी पानं आणून म्हशीच्या दुधात आलं घालून उकळणार असाल तर पैसे वाचवा.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र इचलकरंजीहून स्वतःच्या गाडीनं मैसूरमार्गे उटीला निघतोय. ई-पासची काय भानगड आहे?

उत्तर : भानगड काही नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे 2024 पासून निलगिरीत जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. 2025 च्या उन्हाळ्यात तर दिवसाला 6,000 आणि शनिवार-रविवारी 8,000 गाड्या अशी मर्यादाच घातली. यावरून गर्दीचा अंदाज घ्या. पास ऑनलाइन निघतो, निघायच्या आधी काढा, नाक्यावर नको. सरकारी बसनं किंवा रेल्वेनं गेलात तर लागत नाही. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो, त्यामुळे मैसूरला मुक्काम करून पहाटे निघा. वर जाताना गुडलूर-नडुवट्टमचा रस्ता धरा. उटीच्या आधीच नडुवट्टमला मळे लागतात आणि तिथं थांबणारे फार थोडे. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे, स्टीलच्या घेऊन जा.

प्रश्न : आमच्या गगनबावड्याला एवढा पाऊस पडतो, धुकं असतं, डोंगर आहेत. मग चहा का होत नाही? लोकांना एवढ्या लांब जावं लागलं नसतं.

उत्तर : पाऊस भरपूर आहे हो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. नोव्हेंबर ते मे जमीन कोरडी. चहाला ओल वर्षभर वाटून लागते आणि पाणी मुळाशी साचलेलं चालत नाही. उंचीचा तेवढा प्रश्न नाही, आसामात तर सपाटीला चहा होतो. निलगिरीला नैऋत्येचाही पाऊस मिळतो आणि ईशान्येचाही, म्हणून तिथं बारा महिने खुडणी चालते. आणि चहा झाला असता तर शनिवार-रविवारी तुम्हाला स्वतःच्या घरी पोचायला तीन तास लागले असते, हेही लक्षात घ्या. सध्या तुमच्याकडचा करूळ घाट कुठल्या वारी मोकळा मिळतो तेवढं कळवा, पुढच्या अंकात छापते.