योगवर्गाला जाते सांगून विहारात

प्रिय स.,

दापोडीच्या महाविहारात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तू ध्यानवर्गाला जाऊ लागलीस. झोप सुधारली, मुलांवर ओरडणं कमी झालं. घरी मात्र ‘योगवर्गाला जाते’ असं सांगितलंस. एक दिवस नणंदेनं तुला विहारातून बाहेर पडताना पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडे देव कमी पडले का? बाटवतील तुला.” नवरा म्हणतो, “ध्यानच करायचंय ना, मग सोसायटीतल्या योगवर्गाला जा.” आणि आता मैत्रीभावना, म्हणजे एकेका माणसाचं भलं चिंतायचं ध्यान, करताना शत्रूची पायरी आली की नणंदच समोर येते, डोकं ठणकायला लागतं. वर्ग सोडून देऊ का, असं तू विचारलं आहेस.

सोडू नकोस.

बाटवण्याची भीती आधी काढून टाकू. तुझा ध्यानवर्ग ज्या त्रिरत्न बौद्ध महासंघाचा आहे, तो १९६७ साली लंडनमध्ये संघरक्षितांनी सुरू केला. ते जन्मानं इंग्रज, पण भिक्खू म्हणून वर्षानुवर्षं भारतात राहिलेले आणि बाबासाहेबांना भेटलेले. त्यांच्या ध्यानवर्गात बसायला धर्म बदलावा लागत नाही. पुढे कुणाला धम्ममित्र, म्हणजे संघाशी औपचारिकपणे जोडलेला साधक, व्हायचं असेल, तर ते आपणहून मागावं लागतं. वंदना म्हणायला जड जात असेल, तर शिकवणाऱ्या धम्मचारिणींना (संघाची दीक्षा घेतलेल्या बायकांना) तसं सांग आणि शांत बसून राहा.

पण सासूबाईंची अडचण ध्यान ही नाहीच. हाच श्वास तू एखाद्या मोठ्या आश्रमात मोजायला शिकली असतीस, तर त्यांनी शेजारणींना कौतुकानं सांगितलं असतं. अडचण विहाराची आहे, तिथे शेजारी कोण बसतं त्याची आहे. ही जात आहे. आपल्या घरांत ती बहुतेक वेळा देवाचं नाव पुढे करून बोलते. तुझा नवरा ‘योगवर्गाला जा’ म्हणतो तेव्हा त्यालाही हे कळत असतं, मला याची खात्री वाटते. आणि घरी खोटं सांगताना तुलाही ते कळलं होतं.

आता नणंद. मैत्रीभावनेत आधी स्वतः, मग जिवलग मित्र, मग तटस्थ माणूस, मग शत्रू, आणि शेवटी हे चौघं सारखेच धरून सगळे जीव, असा क्रम असतो. ज्याच्याशी वैर आहे त्याच्यापासून सुरुवात करू नका, हे पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनीच सांगून ठेवलंय. तू सुरुवात तिच्यापासून करत नाहीस हे खरं, पण चौथ्या पायरीवर थेट सगळ्यात ताज्या जखमेला हात घालतेस. सध्या तिथे नणंद नको. पार्किंगवरून कुरकुरणारे शेजारी घे, मीटिंगमध्ये तुझं बोलणं तोडणारा सहकारी घे. त्यांचं भलं होवो असं मनापासून म्हणता येतंय का ते बघ. तरी नणंद आलीच, तर तिला हाकलू नकोस आणि तिच्यावर प्रेम आणण्याचा आटापिटाही करू नकोस. पहिल्या पायरीवर, स्वतःकडे परत ये. राग आलेल्या बाईलाही मैत्री लागते, आणि या घडीला ती बाई तू आहेस. अगदीच जमलं नाही तर त्या दिवशी फक्त आनापानसती, म्हणजे श्वासाचं ध्यान, कर: श्वास बाहेर गेला की एक, असं दहापर्यंत, पुन्हा एकपासून. डोकं ठणकतं हे धम्मचारिणींना नक्की सांग. वर्गाबाहेरही ठणकत राहिलं किंवा झोप पुन्हा उडाली, तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा नाही.

पत्रात एक वाक्य तू ओझरतं लिहून पुढे गेलीस. बुद्धपौर्णिमेला मैत्रिणीनं जेवायला बोलावलं होतं आणि तू काहीतरी कारण सांगून टाळलंस. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. तिनं तुला हाताला धरून विहारात नेलं, स्वतःजवळ बसवलं, आणि तू घरी त्या जागेचं नावही लपवलंस. तिला अजून हे माहीत नाही. नणंदेनं सांगण्याआधी तू सांग. तिला राग आला तर येऊ दे, सफाई देत बसू नकोस.

नवऱ्याशी सासूबाईंसमोर नको, दोघंच असताना बोल. “मी दापोडीच्या विहारात जाते आणि जात राहणार आहे. लपवलं ही माझी चूक झाली,” एवढंच. परवानगी मागू नकोस. नंतर मैत्रिणीच्या घरी जेवायला कधी येऊ ते तूच विचार, आणि तिची हरकत नसेल तर नवऱ्यालाही घेऊन जा.

तुझी,
मावशी