नवीन एनव्हीएमई (फास्ट एसएसडी ड्राइव्ह) टाकली? मग टेस्ट अशी कर
भाऊ, क्रिस्टलडिस्कमार्क (ड्राइव्हचा स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर) एकदा चालवून खुश होऊ नको, त्याची डिफॉल्ट टेस्ट 1 जीबीची असते, ती एसएलसी कॅशमध्येच (ड्राइव्हमधला छोटा पण जास्त फास्ट भाग) बसून जाते अन् ड्राइव्हचा खरा राइट स्पीड दिसतच नाही. 100 जीबीची फाइल कॉपी कर (दुसऱ्या फास्ट ड्राइव्हवरून, नाहीतर जुन्या हार्डडिस्कचाच स्पीड मोजशील) आणि ग्राफ कुठे धपकन पडतो ते पाय. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात मी भर दुपारी टेस्ट केली होती, टेंपरेचर 80 च्या वर गेलं न स्पीड अर्ध्यावर, हीटसिंक (गरमी ओढून घेणारी धातूची पट्टी) लावल्यावरच जमलं. जेन 3 (पीसीआयईची तिसरी पिढी) ड्राइव्ह 3500 एमबी/सेकंद ऐवजी 1700 वरच अडकत असेल तर मदरबोर्डवरचा स्लॉट चारऐवजी दोनच लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट) असेल, मदरबोर्डचं मॅन्युअल बघ. आणि रोजच्या कामात फरक पडतो तो रँडम 4के (इकडेतिकडे विखुरलेले 4 केबीचे छोटे तुकडे वाचायचा-लिहायचा स्पीड) च्या आकड्याने, तोच आधी पाय.