मोठा बल्ब घेण्याआधी

प्रश्न (दारव्हा): गाडी नऊ वर्षांची आहे. रात्री वावरातून परतताना रस्ता नीट दिसत नाही. दुकानदार म्हणतो, हेडलाईटचा 60/55 वॅटचा बल्ब काढा, 100/90 चा टाका. टाकू का?

नका टाकू, भाऊ. पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिप्परचा. डिप्परच्या 55 वॅटला साडेचार-पाच अँपिअर लागतात, 90 ला साडेसात. मूळ वायर, स्विच, होल्डर त्या हिशोबाचे नसतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत होल्डर वितळून बल्बाला असा चिकटला होता, की पक्कडीने फोडूनच काढावा लागला. शिवाय इतक्या वॅटचा बल्ब रस्त्यावर चालवणं बेकायदा.

आधी दिवसा हेडलाईटची काच बघा. म्हणायची काच, पण ते असतं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर जळून पिवळा, धुरकट होतो आणि उजेड आतच पसरतो. कडेच्या पत्र्याला टेप लावा, पाणी मारत 1000 नंबरचा वॉटर पेपर फिरवा. सुरुवातीला पिवळट पाणी गळेल, ते पांढरं होईपर्यंत घासा. मग 2000 नंबर, मग पॉलिश. वरून यूव्ही कोट मारलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात जैसे थे. टूथपेस्टने चमक येते, पण ती चार दिवसांची.

तरीही मंद वाटला तर इंजिन आणि लाईट चालू ठेवून मीटर लावा. बॅटरीवर 14 व्होल्ट आणि होल्डरवर 12 दिसले, तर दोन व्होल्ट वाटेतच मुरतात. बहुतेक वेळा चोर निघतो अर्थिंगचा, म्हणजे करंट बॉडीतून परत नेणाऱ्या वायरचा, गंजलेला बोल्ट. खरवडून घट्ट आवळा. नवा बल्ब लागलाच तर 60/55 चाच घ्या. त्याच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो.

प्रश्न (सिंदेवाही): ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मिणमिणतो.

ताई, हे मागच्या लाईटचं अर्थिंग गेलेलं. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बातून घुसतो. होल्डरच्या अर्थिंगपासून बॉडीच्या स्वच्छ बोल्टापर्यंत एक वायर धरून बघा. मिणमिण थांबली तर रोग तिथेच. गाडी धान्याच्या कोठीशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का, तेही पाहा.

प्रश्न (मूर्तिजापूर): डावा इंडिकेटर फार जलद टिकटिकतो.

त्या बाजूचा एक बल्ब गेला. बदला.

प्रश्न (वणी): मागे माणसं, डिक्कीत पोती भरली की समोरचे सारखे अप्पर मारतात. मी तर डिप्परवरच असतो.

मागचं दबलं की पुढचं वर उठतं, तुमचा डिप्पर त्यांच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचं चाक असेल, तर ओझ्याप्रमाणे आकडा वाढवा. उजेड खाली येतो. गाडी रिकामी झाली की आठवणीने 0 वर आणा. चाक नसेल तर सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी लावा. डिप्परची वरची कड बल्बाच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी. डावीकडे ती कड वर चढलेली दिसेल. ती बिघाड समजून खाली पाडू नका. कापसाच्या दिवसांत रस्त्याच्या कडेने बिनदिव्याची बंडी चालते, तिच्या चाकाची धाव त्याच उजेडात चमकते.