तापातून उठल्यावर बेचाळीस किलोमीटर?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका असून माझे वय ४१ आहे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी मी जूनपासून सराव करीत होते आणि ऑगस्टअखेर २४ किलोमीटर सलग धावू शकत होते. सप्टेंबरच्या संततधारेत जवळजवळ तीन आठवडे वाया गेले आणि ऑक्टोबरच्या मध्यास डेंग्यूमुळे पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. प्लेटलेट ४२ हजारांपर्यंत उतरल्या होत्या. आता नोव्हेंबर संपत आला आहे. ताप नाही, परंतु चार किलोमीटरमध्येच दम लागतो आणि पोटऱ्या भरून येतात. उरलेल्या सात आठवड्यांत रोज अधिक धावून बुडालेला सराव भरून काढता येईल का?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भरून काढता येणार नाही, आणि तसा प्रयत्न आपण करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे दुबार पेरणीची वेळ आलेला शेतकरी गेलेले पंधरा दिवस खताची मात्रा दुप्पट करून परत मिळवू पाहत नाही. तो कमी मुदतीचे पीक घेतो. आपणही तेच करावे.

आपल्याला लागणारा दम हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. सराव थांबल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि तेवढ्याच वेगासाठी हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते. त्यात डेंग्यूनंतरचा थकवा कित्येकांना काही आठवडे सोडत नाही. क्वचित प्रसंगी विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. म्हणून पुन्हा बूट बांधण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी, रक्ताची संपूर्ण मोजणी आणि ईसीजी करून घ्यावा. धावताना छातीत दुखणे, धडधडणे किंवा भोवळ यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी थांबावे.

तपासणी निर्दोष आली तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अर्धा तास पुरे : तीन मिनिटे चालणे, दोन मिनिटे हळू धावणे, आणि तेही शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून वहीत लिहावी. आजारापूर्वी ती ६० असेल आणि एखाद्या सकाळी ७० भरली, तर त्या दिवशी धावू नये. येथे एक गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. श्वास आणि हृदय तुलनेने लवकर पूर्वपदावर येतात. स्नायूबंध आणि हाडे मात्र मागे राहतात. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून अंतर एकदम वाढवणाऱ्यांच्या नडगीला आणि टाचेला इजा होते, आणि ती बहुधा नेमकी स्पर्धेच्या तोंडावर होते.

पूर्ण मॅरेथॉनसाठी स्पर्धेच्या सुमारे तीन आठवडे आधी ३० किलोमीटरच्या आसपासची एक धाव पायांखाली असावी लागते आणि त्यानंतर सराव कमी करत न्यावा लागतो. हिशेब केल्यास आपल्याला डिसेंबरच्या अखेरीस चारवरून तीसवर जावे लागेल, जे शक्य नाही. नियमांत बसत असेल तर अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, हा पर्याय मागावा. परंतु डिसेंबरअखेर १५-१६ किलोमीटर त्रासाविना झाले तरच तो स्वीकारावा, अन्यथा यंदा घरीच राहावे. परभणीची डिसेंबरातील थंडी कोरडी असते, मुंबईची पहाट मात्र दमट; तेथे घाम वाळत नाही आणि शरीर लवकर तापते, हेही धरून चालावे.

पावसाविषयी थोडे. भिजून धावल्याने डेंग्यू होत नाही. तो एडिस डासामुळे होतो, जो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा, विशेषतः सकाळी व सायंकाळपूर्वी, चावतो. नेमका तोच आपला सरावाचा वेळ असल्याने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि उघड्या त्वचेवर डासरोधक मलम आवश्यक आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकारची लागण अधिक गंभीर ठरू शकते, म्हणून आपण तर विशेष जपावे. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असताना पाय मोकळे व्हावेत म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेण्याची सवय मी अनेक धावपटूंमध्ये पाहिली आहे. डेंग्यू असल्यास या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच. नुसते नाक वाहत असेल तर हळू धावण्यास हरकत नसते. ताप, छातीतील कफ किंवा सर्वांग ठणकत असेल तर मुळीच धावू नये.

आपल्या परभणीच्याच ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा येथील मातीतून बेचाळीस किलोमीटर होत नाहीत असे कोणी म्हणू नये. मात्र पुढील वर्षीचे वेळापत्रक आखताना सप्टेंबर आणि परतीच्या पावसासाठी तीन आठवडे आधीच कोरे सोडावेत. काळ्या मातीच्या पांदणीवर चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो आणि घोटा मुरगळतो. त्या दिवसांत शाळेच्या जिन्यावर चढ-उतार आणि घरात पायांचे व्यायाम करावेत, डांबरी रस्ता मिळाल्यास उजाडल्यावर, वाहनांना दिसेल अशा गडद पिवळ्या किंवा केशरी कपड्यांत धावावे, आणि वीज कडाडत असेल तर बाहेर पडूच नये.